तरुण संघात ‘पाचारण’ कसं शिकवावं? हाताशी चार रविवार

तरुणसंघ_नगर
सर्वांना सलाम. आमच्या तरुण संघात १८ ते २५ वयाची मुलंमुली आहेत. पुढच्या महिन्यात उपासनेनंतर चार रविवार, पाऊण-पाऊण तास, ‘देवाने माणसाला कशासाठी पाचारण केलंय’, म्हणजे कशासाठी हाक दिलीय, हा विषय घ्यायचा आहे. अडचण अशी, की पाचारण म्हटलं की पाळक होणं किंवा मिशनात जाणं एवढंच मुलांना सुचतं. बाकीचे मग ‘हे आमच्यासाठी नाही’ म्हणून मोकळे. सुरुवात कुठून करावी? आणि देवाची इच्छा ओळखायची भावनेपलीकडची काही रीत आहे का?

शास्त्राभ्यासी
सुरुवात बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून करा. पहिल्या रविवारी १:२६-२८ आणि २:१५, बस्स. जुन्या काळी राजे दूरच्या प्रांतात आपली प्रतिमा उभारत, म्हणजे इथे सत्ता कोणाची ते लोकांना कळे. उत्पत्तीत मात्र दगडाची मूर्ती नाही. नर आणि नारी, सगळी माणसंच देवाची प्रतिमा. म्हणजे नोकरी-धंद्याचा प्रश्न यायच्या आधीच प्रत्येकाची नेमणूक झालेली आहे.

इथे एक चूक हमखास होते. १:२८ मधली ‘सत्ता’ एकटी वाचली की निसर्ग ओरबाडायचा परवाना हातात आल्यासारखं होतं. म्हणून २:१५ लगेच जोडायचं: बागेची मशागत आणि राखण. हीच दोन कामं गणना ३:७-८ मध्ये लेव्यांना, म्हणजे उपासनेच्या सेवेला नेमलेल्या वंशाला, निवासमंडपासाठी (देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी) नेमून दिली आहेत. शेतातलं काम आणि मंडपातली सेवा शास्त्रात इतकी जवळ आहेत.

दुसऱ्या रविवारी इफिस ४:१-३ आणि १ पेत्र २:९. प्रेषित पौल आपल्या पत्रात अख्ख्या मंडळीला ‘पाचारणास शोभेल असे चाला’ म्हणतो आणि पुढे नम्रता, सहनशीलता, एकी सांगतो. व्यवसायाचं नावसुद्धा नाही.

तिसऱ्या रविवारी १ करिंथ ७:१७-२४. इथे जपून. विसावं वचन सुटं वाचलं तर ‘जिथे आहेस तिथेच राहा’ एवढंच उरतं, आणि जातीने धंदे वाटून दिलेल्या आपल्या समाजात ते फार घातक आहे. एकविसाव्यात पौल दासाला सांगतो, मोकळं होता येत असेल तर हो. ते वाचल्याशिवाय वर्ग सोडू नका. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये बाप्तिस्मा झालेले सगळेच याजक असं ठणकावून मांडलं, चांभाराचं आणि लोहाराचं कामही त्यात आणलं. पण ज्याने त्याने आपापल्या पायरीवर राहावं, हा त्याच्या विचारातला कच्चा दुवा आहे असं माझं मत.

वसईचा_वाचक
कॅथलिकांकडेही हेच दुखणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये चर्चविषयक दस्तऐवजाचं पाचवं प्रकरण सर्वांच्या पावित्र्याच्या पाचारणाला दिलं, तरी पाचारणासाठी प्रार्थना करायच्या ‘पाचारण रविवारी’ भर फादर-सिस्टरांवरच!

रीत विचारलीत म्हणून जेज्विट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची सांगतो. पानाच्या माथ्यावर हेतू लिहायचा: देवाची स्तुती, आदर आणि सेवा करावी म्हणून माणूस निर्माण झाला, बाकीच्या गोष्टी त्या कामी येतील तेवढ्याच घ्याव्यात. खाली एकच प्रश्न, हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा. ‘आयुष्यात काय करू’ चालणार नाही. ‘गल्फमधली नर्सिंगची नोकरी घ्यावी का’ चालेल. मग मन तराजूच्या काट्यासारखं मध्ये येईपर्यंत प्रार्थना. मगच चार रकाने: घेतली तर लाभ, घेतली तर हानी, नाही घेतली तर लाभ, नाही घेतली तर हानी.

पहिला रकाना पगाराने भरतो, त्याला हरकत नाही. पण प्रत्येक ओळ माथ्यावरच्या हेतूशी ताडून बघायची. वडिलांचं कर्ज फेडणं सेवेत बसतं; दुसरा प्लॉट घेणं बहुधा नाही. ओळी मोजून बहुमत काढू नका, एखादी ओळ बाकीच्या दहांवर भारी पडते. निर्णय झाला की तो देवापुढे ठेवून त्याची पुष्टी मागायची. काटा मध्ये येतच नसेल तर दोन कसोट्या आहेत. अगदी अनोळखी माणसाने हाच प्रश्न विचारला तर काय सल्ला द्याल? आणि मरणाच्या वेळी मागे वळून बघताना काय निवडलेलं असावंसं वाटेल?

फसतं कुठे ते सांगतो. एक तर्फ पापाची असेल तर ही रीत लावायचीच नाही; दोन्ही पर्याय चांगले किंवा निदान निर्दोष हवेत. लग्न किंवा दीक्षा झाल्यावर तो प्रश्न पुन्हा उघडायचा नाही. आणि मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, परीक्षेचा निकाल लागला की त्याच रात्री.

जुना_पाळकवर्ग
वरचं सगळं मान्य, पण कागद एकट्याचा असतो. धर्मसुधारक कॅल्विनने मंडळीच्या सेवकाच्या, म्हणजे पाळकाच्या, बाबतीत दोन गोष्टी मागितल्या: देवाची आतली हाक आणि मंडळीची उघड निवड. पहिलीची साक्ष ज्याची त्याला. दुसरी मंडळीने द्यायची. म्हणून रकाने भरून झाले की ते दोघांना दाखवावेत, त्यातला एक तरी तोंडावर नाही म्हणणारा असावा. शास्त्र कुठेही उघडून वचनावर बोट ठेवायची सवय मुलांना असते, ती मोडा. हवं ते सापडेपर्यंत पानं उलटली जातात.

आणि सेवा म्हणजे मिशनचा पगार, हे समीकरणही तोडा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. तो प्रसंग तिसऱ्या रविवारी चपखल बसेल.

तरुणसंघ_नगर
आभारी आहे. चौथ्या रविवारी पाऊण तासात चार रकाने भरून होतील का?

वसईचा_वाचक
नाही होणार. तिसऱ्या रविवारी कोरा कागद घरी द्या, आठवडाभर रोज दहा मिनिटं. चौथ्या रविवारी पहिली १० मिनिटं शांतता, पुढची २० तिघातिघांच्या गटात ऐकणं, उरलेली १५ प्रश्नांना. गटात सल्ला द्यायचा नाही, फक्त ‘ही ओळ हेतूत कशी बसते’ एवढंच विचारायचं. कागद गोळा करू नका. गोळा होणार असं कळलं की मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात.