प्रति: सोमवारी हुरूप कुठे जातो?

रविवारी चर्चमध्ये हुरूप येतो, सोमवारी कामावर गेलं की ओसरतो, मग श्रद्धेचा उपयोग काय, असं वर विचारलंय. मला पंडिता रमाबाईंचं केडगावचं ‘मुक्ती’ हे निराधार बायका-मुलींसाठीचं आश्रयस्थान आठवतं. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना तिथे नुसती प्रार्थना नाही शिकवली. विणकाम, शेती, छपाईही शिकवली. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापलं गेलं ते मुक्तीतल्याच छापखान्यात, बायकांच्या हातून. शिशाचा एकेक खिळा (छपाईचं सुटं अक्षर) उचलून ओळ जुळवायची, हे काय रोज उत्साहाचं काम असणार? बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रात (३:२३) प्रेषित पौल सांगतो तेही मुळात दासांना: काम माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. म्हणून ‘आधी हुरूप, मग काम’ हा क्रमच मला उलटा वाटतो. आणि हो, कित्येक दिवस काहीच करावंसं वाटत नसेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही भेटा.