वाफेचं इंजिन आणलंय, पिस्टन जाम. पुढे काय?

देवगडकर_पोरगा: बाबा आणि काका दोघांनाही जुन्या इंजिनांचं वेड, मांगरात गुरांपेक्षा लोखंड जास्त, आता भंगारवाल्याकडून बॉयलरसकट एक उभं वाफेचं इंजिन उचललंय. खाऱ्या वाऱ्याने पिस्टन जाम, फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हलत नाय. काका म्हणतायत पाणी भरून जाळ घालू, आई म्हणते आधी मांगराचा विमा काढा. करायचं काय?

मालवणी_मिस्त्री: जाळ नको रे बाबा!! सिलिंडरात डिझेल आणि पातळ तेल ओत, चांगलं मुरूदे, मग फ्लायव्हील हाताने मागेपुढे कर. घण अजिबात नाय, बीड (ओतीव लोखंड) आहे ते, तडकलं की वेल्डिंग सहज धरत नाय.

आबा_रत्नागिरी: बॉयलर 25 लिटरच्या वर असेल तर सहसा कायद्याने नोंदणी आणि तपासणी लागते. आधी थंड पाण्याने दाबाची टेस्ट करतात, कारण पाणी दाबून फारसं आकसत नाही, पत्रा फाटला तरी नुसती गळती. वाफेने फाटला तर कौलं शेजारच्या वाडीत. आणि पाइपाला पांढरी दोरी गुंडाळलेली असेल तर खरवडू नका, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक.

देवगडकर_पोरगा: दोरी आहे 😬 मग इंजिन नुसतं हवेवर फिरवलं तर? पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मिळेल.

मालवणी_मिस्त्री: बेस्ट. सुटल्यावर कमी दाबाने सुरू कर, तेल सोडत रहा, हवेत वाफेसारखा ओलावा नसतो. काकांना फ्लायव्हीलपासून लांब उभं कर, लुंगी नेसून तर नकोच.