बीपी १५० च्या आसपास, गोळी अजून सुरू नाही. घरगुती उपायांपैकी नक्की कशाने उतरतं?

धायरीकर
नमस्कार मंडळी. वय ४४, नोकरी हिंजवडीत, म्हणजे दिवसातले अडीच-तीन तास गाडीत आणि उरलेले खुर्चीत. ऑफिसच्या हेल्थ चेकअपला बीपी १५२/९६ आलं, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो तर तिथे १४८/९४. शुगर, क्रिएटिनिन, युरीन, ईसीजी सगळं नॉर्मल. वजन ८६, उंची ५ फूट ७. डॉक्टर म्हणाले तीन महिने देतो, खाणं आणि वजन बघा, चाला, घरी मोजून लिहून ठेवा, नाहीच उतरलं तर गोळी सुरू करू.

इथपर्यंत ठीक होतं हो, पण घरी बोललो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आई रोज सकाळी दुधीचा रस करून देते, आत्याने उपाशीपोटी कच्चा लसूण खायला सांगितलंय, सोसायटीच्या ग्रुपवरचे एक काका म्हणतात साधं मीठ टाका आणि सैंधव आणा बीपी पळून जाईल, ऑफिसात एकजण जास्वंदीचा चहा पितो आणि परवा तर कोणीतरी सर्पगंधाच्या चूर्णाची पुडीच आणून दिली. बायकोचं म्हणणं एकच, आधी तो फरसाणचा डबा उचल. यातलं खरं काय? गोळी लागली तर घेईन, पण त्याआधी प्रामाणिकपणे प्रयत्न करायचाय.

टेकडीकर
आधी मोजणं नीट करा, नाहीतर तीन महिन्यांनी हातात नुसते आकडे असतील आणि त्यांचा अर्थ काही नाही. आपल्याकडे क्लिनिकमधे काय होतं, पार्किंग शोधून, जिना चढून, फोनवर बोलत माणूस आत जातो आणि लगेच पट्टा बांधतात. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, शर्टावरून नाही. आधी अर्धा तास चहा-सिगरेट काही नको, लघवीला जाऊन यायचं, आणि मोजताना बोलायचं नाही (आमच्या घरी हे सगळ्यात अवघड). सकाळी दोनदा संध्याकाळी दोनदा, मधे एक मिनिट सोडून, असं आठवडाभर, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४० / ९० ही रेघ असते, घरी १३५ / ८५. काही जणांचं फक्त डॉक्टर बघून चढतं, ते यात कळतं. मनगटाचं मशीन घेऊ नका, दंडाचंच घ्या.

तिखटमीठ
वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्या बरोबर बोलतायत :)

माझ्या मिस्टरांचं बीपी आठ-नऊ वर्षांपासून आहे त्यामुळे हे सगळं स्वयंपाकघरातून बघितलंय. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, सगळं मिळून. आता ताटात कोण मोजणार? मी पुडीवर मोजते. चार माणसांचे रोजचे २० ग्रॅम, महिन्याचे ६००. म्हणजे चौघांच्या घरात एक किलोची पुडी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, आणि यात बाहेरचं धरलेलंच नाही. पुडीवर तारीख लिहून ठेवा, बाकी काही करायला नको.

आपल्याकडे जास्तीत जास्त मीठ घरच्या स्वयंपाकातूनच जातं, पण भाजी-आमटी अळणी करायला गेलात तर घरात भांडणं होतील. त्याआधी सोप्या जागा धरा. पोळीच्या कणकेत मीठ नको, कोणाला कळतसुद्धा नाही. भातात नको. ताकात जिरं-पुदिना-आलं घाला, मीठ नको. कोशिंबिरीला लिंबू आणि दाण्याचं कूट. लोणचं-पापड रोज ताटात वाढायची गरज नाही, पापडात मीठ असतंच शिवाय पापडखार, तोही सोडियमच. पाव, ब्रेड, खारी हे खारट लागत नाहीत म्हणून कोणी धरत नाही पण त्यात भरपूर असतं. आणि जेवणानंतर फसफसणारी पुडी पाण्यात टाकून पिणारे असाल तर तेही सोडियम आहे हो. आमच्याकडे भाजीतलं मीठ मी हळूहळू कमी करत गेले, महिनाभराने हॉटेलचं खारट लागायला लागलं.

सैंधवाचं म्हणाल तर ते मीठच आहे. गुलाबी दिसतं, महाग मिळतं, सोडियम जवळजवळ तेवढंच. काकांना सांगा पाहिजे तर उपासाला खा.

पेठेतला
आमच्या वेळी कोण मोजत होतं मीठ? मी वयाच्या सत्तरीत रोज दोन पाकळ्या लसूण आणि सकाळी पर्वती, बीपी १३० च्या पुढे नाही. गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत, कंपन्यांचा धंदा आहे सगळा.

टेकडीकर
काका, तुमच्या लसणापेक्षा मला तुमची पर्वती जास्त कामाची वाटते :) रोज एवढ्या पायऱ्या चढणारा माणूस लसूण खाल्ला काय आणि नाही खाल्ला काय.

गोळीवाला
मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवर रोज हेच प्रश्न येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुधीचा रस: चांगल्या दुधीचा अपाय नाही, पण बीपीसाठी त्यावर भिस्त ठेवण्यासारखा भक्कम पुरावाही नाही. धोका वेगळाच आहे. रस कडू लागला तर एक घोटही पुढे घ्यायचा नाही, लगेच ओतून द्या. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं, उलट्या, रक्ताची उलटी, बीपी एकदम खाली जाणं असं होतं आणि आपल्या देशात यात माणसं दगावली आहेत. "औषध म्हटलं की कडू असणारच" म्हणून नाक दाबून पिणारे लोक मी बघितलेत. आईंना सांगा आधी फोडीचा तुकडा जिभेला लावून बघा, नाहीतर सरळ दुधीची भाजी करा.

लसूण: थोडंसं उतरतं असं अभ्यासांत दिसतं, पण बरेचसे अभ्यास लसणाच्या कॅप्सूलवरचे आहेत. स्वयंपाकात भरपूर वापरा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज कच्चा खाऊ नये.

जास्वंदीचा चहा: ज्याच्यावर अभ्यास झालेत ती अंगणातली देवाला वाहायची जास्वंद नाही. ती लाल अंबाडी, जिच्या आंबट बोंडांचं विदर्भात सरबत करतात. त्याने थोडं उतरतं असं दिसलंय. प्या हवं तर, पण साखर न घालता.

सर्पगंधा: ही पुडी आजच बाजूला ठेवा. ही वनस्पती काम करत नाही म्हणून नाही, करते म्हणून. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमधे बीपीच्या पेशंटवरचा सर्पगंधाचा अभ्यास छापला, जगभर गाजला, १९५२ ला तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं आणि ते बीपीचं औषध म्हणून वर्षानुवर्षं वापरलं गेलं. नाक चोंदणं, नाडी मंदावणं, आणि मुख्य म्हणजे मन खचणं, डिप्रेशन, हे त्याचे त्रास, म्हणून पुढे ते मागे पडलं. पुडीतल्या चूर्णात किती मात्रा आहे तुम्हाला माहीत नाही, देणाऱ्यालाही माहीत नाही. वैद्यांनी तपासून दिली तर गोष्ट वेगळी.

आता जे कोणी विचारत नाही ते. थंडीत खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळता का? त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं. कंबर दुखली की आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेता का? त्यानेही वाढतं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्यानेही. लोक मेथी भिजत घालतात आणि वर पेनकिलर घेतात.

"लो सोडियम" मीठही हल्ली मिळतं, त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधे यावर मोठा अभ्यास झाला, २०२१ ला छापून आला, अर्धांगाचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. तुमची किडनी ठीक आहे तर डॉक्टरांना विचारून वापरू शकता. पण किडनीचा त्रास असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने नाही, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. रोज दोन-तीन शहाळी पिणाऱ्या अशा लोकांनाही हेच.

आणि पेठेतले काका, तुमचं चांगलं आहे, आनंद आहे. पण गोळी सुटत नाही याचं कारण बीपी सुटत नाही. वजन उतरल्यावर डॉक्टरांनी गोळी कमी केलेली, बंद केलेली उदाहरणं आहेत. मनाने बंद केलेल्यांची वेगळी उदाहरणं आहेत, ती आयसीयूत बघायला मिळतात.

टेकडीकर
वर सगळे खाण्यावर बोलले, चालण्याचं मी सांगतो. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. धायरीहून तुम्हाला तळजाईची टेकडी बरी पडेल, सकाळी साडेसहाला गेलात तर ट्रॅफिक लागायच्या आत घरी. पण टेकडी उतरल्यावर क्रीमरोल आणि दोन चहा हा जो पुणेरी व्यायाम आहे तो नको. रविवारी सिंहगड चढून वर कांदाभजी आणि पिठलं-भाकरी चापणाऱ्यांचं वजन का उतरत नाही यावर वेगळा धागा काढता येईल.

वजन साधारण एक किलो उतरलं की वरचा आकडा एकाने उतरतो असा ढोबळ हिशोब आहे. तुमच्या उंचीला सहा-सात किलो गेले तरी बराच फरक पडेल. दारू घेत असाल तर कमी करा, "फक्त वीकेंडला" म्हणणारे शनिवारी आठवड्याचा कोटा पूर्ण करतात. आणि बायकोला विचारा घोरता का, मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, दिवसा मीटिंगमधे पेंगता का. झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं बीपी बऱ्याचदा सहजासहजी उतरत नाही, आधी ते तपासावं लागतं.

तिखटमीठ
एक राहिलं. अमेरिकेत १९९७ ला डॅश नावाच्या आहाराचा अभ्यास छापून आला, मीठ तेवढंच ठेवून फक्त फळं, भाज्या आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवलं तर बीपी असलेल्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी ११ ने उतरला. २००१ ला मीठही कमी करून बघितलं तर आणखी उतरलं. आपल्याला त्यासाठी ब्रोकोली नको. मंडईतली चाकवत, राजगिरा, मेथी, मोड आलेल्या मटकीची उसळ, दुपारी एक फळ, बिनमिठाचं ताक. फक्त मटकीवर फरसाण टाकून तिची मिसळ करू नका म्हणजे झालं.

धायरीकर
सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर उत्तर अपेक्षित नव्हतं. सर्पगंधा परत दिली. दुधीची भाजी होणार आहे, आई थोडी नाराज आहे. घोरण्याबद्दल विचारलं तर बायको हसायलाच लागली, म्हणजे डॉक्टरांच्या कानावर घालावं लागणार. मशीन आजच घेतोय. माझे दंड जरा जाड आहेत, मशीनबरोबर मिळतो तो पट्टा चालेल का? आणि कुठल्या हाताला मोजायचं?

गोळीवाला
खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे शिंप्याच्या टेपने दंड मोजा. बऱ्याच मशीनबरोबरचा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो, बॉक्सवर लिहिलेलं असतं, त्याच्या वर दंड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. छोट्या पट्ट्यात रीडिंग खोटं जास्त येतं. पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजा, ज्या हाताला जास्त येईल तोच पुढे कायम धरा, आणि दोन्हींत सतत १० च्या वर फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा. मधेच कधी १८० / १२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं बसून परत मोजा. तरीही तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि बरोबर छातीत दुखणं, दम, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा वाटणं यातलं काही असेल तर वाट बघू नका, १०८ लावा.