कोळसा ‘स्वच्छ’ झाल्यावर त्यातली राख, गंधक आणि कार्बन जातात कोठे?

प्रश्न

विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्राजवळच्या गावात आम्ही राहतो. नव्या संचांच्या जनसुनावणीत ‘सुपरक्रिटिकल’, ‘एफजीडी’ आणि ‘स्वच्छ कोळसा’ हे शब्द वारंवार कानावर पडतात आणि ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की, आता चिमणीतून घातक असे काही बाहेर पडणारच नाही. प्रत्यक्षात हिवाळ्यात दोरीवरच्या कपड्यांवर आणि तुरीच्या पानांवर करडी पूड बसलेली असते. या तंत्रज्ञानाने नेमके काय कमी होते, काय तसेच राहते आणि पुढच्या सुनावणीत आम्ही काय विचारावे?

उत्तर 1

एक टन कोळशाचा हिशेब मांडला की बरेचसे स्पष्ट होते. आपल्याकडचा कोळसा साधारण 35 टक्के राखेचा, 40 टक्के कार्बनचा आणि अर्धा टक्का गंधकाचा धरा. तो जाळल्यावर सुमारे 350 किलो राख, 1,450 किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड आणि 10 किलोच्या आसपास सल्फर डायऑक्साइड निर्माण होतो. सुपरक्रिटिकल संचात पाण्याची वाफ 221 बारपेक्षा जास्त दाबाखाली तयार केली जाते, त्यामुळे कार्यक्षमता जुन्या संचांच्या 35 टक्क्यांवरून 40 टक्क्यांच्या जवळपास जाते. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी कोळसा साधारण एक अष्टमांश कमी लागतो. ही बचत खरी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कोराडीच्या 660 मेगावॅटच्या संचांत जळणाऱ्या प्रत्येक टनातून राख, गंधक आणि कार्बन तेवढेच निघतात, जेवढे जुन्या 210 मेगावॅटच्या संचातून निघत. शिवाय जुने संच बंद न करता नवे उभे राहिले, तर गावाच्या वाट्याला येणारे एकूण प्रदूषण वाढते. तेव्हा नव्या संचाच्या बदल्यात कोणता जुना संच कोणत्या तारखेला बंद होणार, हे लेखी मागा.

उत्तर 2

एफजीडीबाबत थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वाधिक गोंधळ तेथेच आहे. या यंत्रणेत चिमणीकडे जाणाऱ्या वायूवर चुनखडीच्या मिश्रणाचा फवारा मारला जातो, सल्फर डायऑक्साइड त्यात शोषला जातो आणि जिप्सम तयार होते. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवून दोन वर्षांची मुदत दिली. नंतर ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 च्या अधिसूचनेने, दहा लाखांहून मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित क्षेत्रांपासून 10 किलोमीटरच्या बाहेर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना या बंधनातून मोकळे केले.

त्यासाठी दोन युक्तिवाद पुढे आले: आपल्या कोळशात गंधक कमी असते आणि एफजीडीमुळे कार्बन उत्सर्जन वाढते. दुसरा तपासून पाहा. वरच्या 10 किलो सल्फर डायऑक्साइडसाठी सुमारे 16 किलो चुनखडी लागते आणि तिच्यातून 7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. यंत्रणेला लागणारी वीज धरली तरी 1,450 किलोंपुढे ही वाढ अल्प आहे. पहिल्या युक्तिवादाबाबत सांगायचे तर, टक्केवारी कमी असली तरी जळणारा कोळसा प्रचंड आहे, आणि सल्फर डायऑक्साइडपासून हवेत तयार होणारे सल्फेटचे सूक्ष्म कण शेकडो किलोमीटर वाहत जातात. त्यांना 10 किलोमीटरची हद्द कशी अडवणार? माझ्या मते श्वासाच्या आरोग्यासाठी एफजीडी हवीच. मात्र तिला लागणारे जादा पाणी कोठून येणार, हे विचारल्याशिवाय राहू नका.

उत्तर 3

तुमच्या कपड्यांवरच्या पुडीला एफजीडी हे उत्तर नव्हे. चिमणीतली राख ईएसपी यंत्रणा (विजेच्या भाराने धुरातले कण ओढून घेणारे यंत्र) अडवते, आणि ती नीट चालली तर 99 टक्क्यांहून अधिक राख पकडली जाते. पण पकडलेली राख कोठेतरी ठेवावीच लागते. कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा जुलै 2022 च्या मुसळधार पावसात फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व ओढ्यांत पसरला. कोळसा धुण्याचेही तेच आहे: वॉशरीत राखेचे प्रमाण घटते, परंतु बाजूला टाकलेला निकृष्ट (रिजेक्ट) कोळसा आणि काळे पाणी वॉशरीच्या शेजारच्या गावाकडे राहते. हवेतले प्रदूषण जमिनीवर आणि पाण्यात आणून ठेवायचे व त्याला स्वच्छ म्हणायचे, हे मला मान्य नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. कार्बन पकडून जमिनीखाली साठवण्याविषयीही सुनावणीत बोलले गेले. त्यावर कितपत विसंबावे?

उत्तर 2

आज उभ्या राहणाऱ्या संचाच्या मंजुरीसाठी तरी अजिबात विसंबू नये. कॅनडातील बाउंडरी डॅम या कोळशावरील वीज केंद्रात 2014 पासून एका संचावर ही यंत्रणा आहे. टेक्सासमधील पेट्रा नोव्हा हा कार्बन पकडण्याचा प्रकल्प 2017 मध्ये सुरू झाला, 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर बंद पडला आणि 2023 मध्ये पुन्हा सुरू झाला. तेथे पकडलेला वायू जुन्या विहिरींतून अधिक तेल काढण्यासाठी वापरला जातो आणि यंत्रणेच्या ऊर्जेसाठी वेगळे गॅस केंद्र उभारावे लागले. सुनावणीत कोणी ‘पुढे बसवू’ म्हणाले, तर जागा, खर्च आणि वायू साठवण्याचे ठिकाण इतिवृत्तात नोंदवून घ्या.

उत्तर 3

त्याच इतिवृत्तात आणखी दोन गोष्टी घाला. चिमणीवरच्या सतत मोजणी यंत्रणेचे आकडे, विशेषतः रात्रीचे, ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागावेत. आणि राखेच्या बंधाऱ्याची पावसाळ्यापूर्वीची तपासणी गावातील प्रतिनिधींच्या उपस्थितीत व्हावी.