सहापैकी चार तोफा गमावल्या, तरी या बॅटरीचं एवढं कौतुक का?

पटावरचा_घोडा (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार मंडळी. आमचा छोटा ग्रुप आहे, रविवारी कुणाच्या तरी घरी पट मांडून जुन्या लढाया खेळतो. सध्या अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे. गेटिसबर्गची लढाई, दिवस दुसरा, २ जुलै १८६३. मी उत्तरेच्या बाजूने. माझ्या वाट्याला नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, आली. सगळे स्वयंसेवक, कॅप्टन जॉन बिगेलो, ‘नेपोलियन’ जातीच्या सहा तोफा आणि यांची आयुष्यातली पहिलीच लढाई.

मी खरं घडलं तसंच केलं. ट्रॉसल नावाच्या शेतकऱ्याच्या घरापाशी त्यांना उभं ठेवलं. चार तोफा गेल्या, घोडे गेले, कॅप्टन जखमी, माझे गुण शून्याच्या खाली आणि समोरचा मित्र खी खी हसतोय. घरी येऊन वाचायला बसलो तर जो तो या बॅटरीची वाहवा करतोय! तोफा टाकून आलेल्यांचं कौतुक कसलं, हे काही केल्या कळेना.

दुसरं असं, की ते ‘प्रोलाँज’ लावून तोफा डागत डागत मागे हटले असं वाचलं. आमच्या नियमात तोफ हलली की त्या फेरीत बार नाही. मग हे जमलं कसं? आणि स्वयंसेवक म्हणजे शेवटी हौशीच ना?

देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तेव्हा इथे कुणीतरी जाणकार भेटेल या आशेवर विचारतोय.

मनमाडकर

हौशी म्हणू नका. अमेरिकेचं कायमस्वरूपी सैन्य तेव्हा अगदी लहान होतं. तोफखान्याच्या सरकारी रेजिमेंट पाचच. बाकी बहुतेक बॅटऱ्या एकेका राज्याने उभ्या केल्या, म्हणून नावात राज्य आणि क्रमांक. ही नववी ऑगस्ट १८६२ मध्ये भरती झाली, मुदत तीन वर्षं. पगार, शिस्त, शिक्षा सगळं सैन्याचंच. ‘स्वयंसेवक’ एवढ्यासाठी की सक्तीने ओढून आणलेले नाहीत.

तोफांचं मला काही कळत नाही. कॅम्पातले काका दिसले तर त्यांना धरा.

कॅम्पातला_गनर

धरलं. जेवण झालंय, आता निवांत लिहितो.

नोकरी सगळी तोफखान्यात झाली, फील्ड रेजिमेंटमध्ये. आता लॅम रोडला घर आहे. रेंजवर फायरिंग असलं की आमची तावदानं थरथरतात आणि बायको म्हणते, आले तुमचे पाहुणे.

पहिल्या प्रश्नाबद्दल तुमच्या मित्राला एकदम वेड्यात काढता येणार नाही. पायदळाला निशाण असतं, आमचं निशाण म्हणजे गन. ती शत्रूच्या हाती देऊन येणं यासारखी नामुष्की नाही, हे उस्ताद रिक्रूटच्या डोक्यात पहिल्यापासून भरतात. बिगेलोच्या काळीही हीच रीत होती. त्यामुळे चार तोफा गेल्या हे तिथल्या प्रत्येकाला झोंबलं असणार. पण त्या गेल्या कशापायी, ते बघा.

त्या दिवशी उत्तरेच्याच जनरल सिकल्सने आपली अख्खी कोअर, म्हणजे हजारोंची फौज, ठरलेली जागा सोडून पुढे पीचच्या बागेपर्यंत नेली. संध्याकाळी ती फळी फुटली. मागे, जिथे मुळात सैन्य असायला हवं होतं, तिथे मैदान मोकळं पडलेलं. समोरून दक्षिणेच्या बार्क्सडेलचे मिसिसिपीवाले घुसलेले. बिगेलोच्या वर होता लेफ्टनंट कर्नल मॅकगिल्व्हरी, मूळचा मेन राज्यातला जहाजी कप्तान. त्याने मागे नजर टाकली तर प्लम रन ओढ्यापलीकडे आपलं पायदळच नाही. तिथे तोफांची नवी रांग लावायची तर मिळेल तेवढा वेळ हवा. बिगेलो तेव्हा ट्रॉसलच्या आवारात पोचून तोफा जुंपून निघायच्या बेतात होता. मॅकगिल्व्हरी म्हणाला, वाटेल ती किंमत मोज, पण मी रांग लावेपर्यंत ही जागा सोडू नकोस. म्हणजे गन जातील हे हुकूम देणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. तुमच्या पटावर हा हुकूमच नाही, नुसते तोफांचे गुण आहेत. मग शून्याखाली जाणारच की!

आता प्रोलाँज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मजा इथेच आहे.

आमच्या १०५ मिलिमीटरच्या तोफेला बार झाला की नळी मागे जाते आणि परत जागेवर येते, गाडा तिथल्या तिथे. धक्का गिळणारी यंत्रणा आत असते. नेपोलियनला असलं काही नाही. नुसत्या नळीचं वजन साडेपाचशे किलोच्या घरात, दारू किलोभराहून थोडी जास्त, आणि बार झाला की अख्खी तोफ चाकांसकट मागे उडी मारते. मग पोरांनी चाकांना खांदे लावून ती पुढे ढकलायची, नेम पुन्हा धरायचा. दर बाराला हाच रगडा. भर जुलैत.

प्रोलाँज म्हणजे जाड दोर. एक टोक तोफेच्या शेपटाला, दुसरं घोडे जुंपलेल्या लिंबरला. लिंबर म्हणजे दोन चाकी गाडी, वर दारूगोळ्याची पेटी. तोफेचं तोंड शत्रूकडे, घोड्यांची तोंडं मागे. बार झाला की तोफ आपल्याच धक्क्याने मागे जाते, म्हणजे जायचं तिकडेच. पुढे ढकलायची गरजच संपली! घोडे दोर ओढून आणखी थोडं नेतात, तेवढ्यात भरणारे चालता चालता भरतात, थांबले की पुन्हा बार. अशा रीतीने ते बागेजवळून ट्रॉसलच्या आवारापर्यंत आले, सुमारे ४०० यार्ड. गव्हाच्या शेतात आपण बैल मागे-पुढे करतो तसली ही हालचाल नव्हे. सहा तोफा, सहा दोर आणि एकाचाही दोर दुसऱ्याच्या चाकात नाही.

हे ज्याला कागदावर सोपं वाटतं त्याने एक तोफ भरायची ड्रिल समजून घ्यावी. आमच्याकडे नंबर वन म्हणजे त्या गनचा हवालदार, डिटॅचमेंटचा बाप. त्यांच्याकडे नंबर एक म्हणजे बोळा आणि ठोकणी मारणारा जवान. प्रत्येक बारानंतर त्याने ओला बोळा नळीत फिरवायचा, आतला निखारा विझवायला. नंबर दोन गोळा घालतो. नंबर तीनच्या अंगठ्याला कातड्याची टोपी. नळीच्या मागच्या भोकावर त्याने तो अंगठा दाबून धरायचा, म्हणजे वारा आत जात नाही. भोक तापून अंगठा भाजला म्हणून त्याने तो क्षणभर जरी उचलला, तरी राहिलेला निखारा फुलतो, नवी दारू पेटते आणि समोर ठोकणी धरून उभा असलेल्या नंबर एकचे हात जातात. नंबर चार दोरी ओढतो. नंबर पाच पेटीपासून तोफेपर्यंत पळत गोळे आणतो. प्रत्येकाचा जीव शेजारच्याच्या हातात, आणि हे सगळं गोळ्या येत असताना, मागे सरकत.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नात खरी गोम आहे. बिगेलो या बॅटरीवर फेब्रुवारी १८६३ मध्ये आला. त्याआधी ही पोरं वॉशिंग्टनच्या भोवतालच्या छावण्यांत बसून होती आणि शिस्तीच्या नावाने आनंद. त्याने आल्या आल्या ड्रिलवर ड्रिल लावलं, नियम आवळले, आणि पोरांनी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. असा एक साहेब माझ्याही नशिबी होता. आम्ही त्याचं ठेवलेलं नाव इथे लिहिण्यासारखं नाही. पण रात्री अंधारात, पावसात, तोफ त्या ड्रिलवरच चालते. हात आपोआप फिरतात, डोकं नंतर पोचतं. स्वयंसेवक की नोकरदार याने काही फरक पडत नाही. घासून घेणारा भेटला की नाही, एवढंच मी तरी विचारतो.

आता ट्रॉसलचं आवार. मागे दगडी गडगा, त्याला एकच फाटक. जागा अरुंद, सहा तोफा दाटीवाटीने. समोर उंचवटा असल्याने शत्रू अगदी जवळ येईपर्यंत दिसेना. अशा अंतरावर एकच माल चालतो, कॅनिस्टर. पत्र्याचा डबा, आत लोखंडी गोळ्या, मध्ये लाकडाचा भुसा. नेपोलियनच्या डब्यात २७ गोळ्या. तोंडातून निघताच डबा फुटतो आणि समोर नुसता पेरा.

हिशेब करा. नेपोलियनच्या एका पेटीत ३२ नग: १२ भरीव गोळे, १२ छर्ऱ्यांचे, ४ फुटणारे आणि कॅनिस्टर फक्त ४. एका तोफेमागे चार पेट्या, म्हणजे १६ कॅनिस्टर. सहा तोफांचे ९६. बिगेलोने नंतर सांगितलं की त्यातले ९२ उडवले. मला या लढाईतला सगळ्यात बोलका आकडा हाच वाटतो. कॅनिस्टर हा शेवटचा उपाय म्हणून पेटीत ठेवतात. तो इतका संपला म्हणजे पोरं किती जवळून, किती वेळ झुंजली ते ज्याने पेटी उपसली आहे त्याला लगेच कळेल.

शेवटी एकविसावी मिसिसिपी रेजिमेंट तोफांवर चढली. निघताना पहिली तोफ फाटकात उलटली. एक गडग्याचे दगड काढून वरून काढावी लागली. दोन सुटल्या, चार राहिल्या. लेफ्टनंट एरिक्सन जागीच गेला, व्हिटेकर जखमांनी नंतर. बिगेलोला दोन गोळ्या. त्याचा बिगुलवाला चार्ल्स रीड याने त्याला घोड्यावर चढवलं आणि दोन्ही बाजूंच्या माऱ्यामधून चालत आणलं. रीडला त्याबद्दल १८९५ मध्ये मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं.

शंभरच्या आसपास माणसं, त्यातली २८ मेली, जखमी झाली किंवा हरवली. मॅकगिल्व्हरीला साधारण अर्धा तास मिळाला, रांग लागली, भोक बुजलं. आणि हो, त्या चार तोफा त्याच संध्याकाळी परत हातात आल्या. मित्राला हेही सांगा.

गोदाकाठची

काका, वाचताना अंगावर काटा आला. बाजीप्रभू आठवले. राजे विशाळगडावर पोचून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही. इथेही तेच, कुणीतरी पलीकडे पोचेपर्यंत.

पण एक बोलते. मी शाळेत इतिहास शिकवते आणि अशा गोष्टींत शौर्याचं वर्णन इतकं छान होतं की मूळ घोळ घालणारा बाजूला राहतो. ते भोक पाडलं सिकल्सने. किंमत मोजली बॉस्टनकडच्या पोरांनी. आणि घोड्यांनी! ट्रॉसलच्या आवारातला तो फोटो मी पाहिलाय, टिमथी ओसुलिव्हनने लढाईनंतर काही दिवसांत काढलेला. घरासमोर मेलेले घोडे, काही अजून साजासकट. त्यांच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

कॅम्पातला_गनर

ताई, सिकल्सबद्दल शंभर टक्के. त्याचा एक पाय त्याच संध्याकाळी तोफगोळ्याने गेला आणि पुढे आयुष्यभर तो आपलंच बरोबर होतं म्हणून भांडत राहिला. त्यावर मी जास्त बोललो तर वाद पानभर जाईल.

बाजीप्रभूंची आठवण येणारच, आपण मराठी माणसं. पण जागेत फरक आहे. खिंड अडवणाऱ्याच्या बाजूची असते, थोडी माणसं पुष्कळांना पुरतात. ट्रॉसलचं आवार उलटं. मागे गडगा, समोर आणि दोन्ही बाजूंना मोकळं, आणि तोफेला बाजूने आलेल्या माणसाचं काही करता येत नाही. गन वळवेपर्यंत तो चाकावर चढलेला असतो. डावी-उजवी बाजू सांभाळायला पायदळ लागतं, आणि तेच तिथे नव्हतं.

घोड्यांचं तुम्ही बरोबर पकडलंत. बॅटरीकडे ८८ होते, त्यातले बहुतेक गेले. हे चुकून होत नाही. एका तोफेला सहा घोडे, तीन जोड्या, प्रत्येक जोडीच्या डाव्या घोड्यावर स्वार. पायदळाला शिकवलेलंच असतं, आधी घोडे पाडा. माणूस पडला तर दुसरा ठोकणी उचलतो. जोडीतला एक घोडा पडला तर बाकीचे पाच साजात अडकतात, साज कापेपर्यंत तोफ जागची हलत नाही. चार तोफा राहिल्या त्यात घोड्यांचा वाटा मोठा. माणसांना निदान आडवं पडता येतं.

मनमाडकर

पुढे काय झालं बॅटरीचं? की तिथेच संपली?

कॅम्पातला_गनर

छे. उरलेल्या दोन तोफा घेऊन लेफ्टनंट मिल्टन दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीत होता. नंतर माणसं-घोडे भरून काढले, १८६४ ला व्हर्जिनियात उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या मोहिमेत होते, पीटर्सबर्गच्या वेढ्यातही. जून १८६५ मध्ये घरी. बिगेलोही बरा होऊन परतला होता.

पटावरचा_घोडा

काका, दंडवत. हे सगळं मी ग्रुपवर टाकतोय. आता नियमाचं सांगा. प्रोलाँज पटावर कसं आणू? मित्र म्हणतो, मग सगळेच तोफा डागत पळतील, खेळाची वाट लागेल.

कॅम्पातला_गनर

तुमचा मित्र हुशार आहे, एवढं कबूल. असं करा. प्रोलाँज लावलेल्या बॅटरीला एका फेरीत एकच घर मागे जाऊ द्या, तेही सरळ. वळता येणार नाही, कुंपण किंवा ओढा ओलांडता येणार नाही. बार उडवू द्या, पण निम्म्या ताकदीचा, कारण नेम दर वेळी नव्याने. आणि घोड्यांचा वेगळा हिशेब ठेवा, निम्मे गेले की दोर काढायचा, तोफ तिथेच. ज्या बॅटरीने आधी ड्रिलच्या फेऱ्या घेतल्या नसतील तिला हा नियम वापरूच देऊ नका.

कॅनिस्टर तोफेमागे १६ धरा आणि खरोखर मोजा, चिठ्ठीवर रेघा मारून. ४०० यार्डांपुढे त्याचा उपयोग शून्य. आणि मॅकगिल्व्हरीचा हुकूम आला असेल तर गुण तोफांचे नाही, फेऱ्यांचे द्या.

पुढच्या रविवारी बाजू बदला. मित्राला द्या बिगेलो, तुम्ही मिसिसिपी घ्या. निकाल इथे टाका, मी बघतो.