चालकाच्या सीटची गादी एका बाजूने दबली आहे: कड भरावी की पूर्ण फोम बदलावा?

प्रश्न
माझी गाडी वीस वर्षांहून जुनी आहे. सीटचे कापड शाबूत असले तरी दाराकडची कड इतकी दबली आहे की अर्ध्या तासात कंबर एका अंगाला कलून दुखू लागते. सीटखाली पिवळसर भुकटीही पडलेली दिसते. वरून जाड आवरण चढवून भागेल का?

पहिले उत्तर
आवरणाने खड्डा झाकला जातो, भरला जात नाही. खरी खूण त्या भुकटीत आहे. पॉलियुरेथेन फोम उष्णता, ओलावा आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे वर्षानुवर्षे ठिसूळ होत जातो आणि स्प्रिंगवर घासून त्याचा चुरा होतो. सीट काढून उलटी करून पाहा. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये बहुधा गोणपाटाचा किंवा तत्सम जाड थर असतो; तो फाटला असेल, तर तार थेट फोमात रुतते आणि तो थर न बदलता घातलेला नवा फोमही तशीच गत होऊन लवकर कापला जातो. एखाद्या स्प्रिंगचा आकडा निसटला असेल, तरीही गादी एकाच बाजूने बसते.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत आहे. मात्र केवळ कड दबली असून बाकीचा फोम बोटाने दाबल्यावर लगेच पूर्ववत होत असेल, तर संपूर्ण गादी टाकून देण्याचे कारण नाही. चढता-उतरताना सर्व भार त्याच कडेवर येत असल्याने ती आधी झिजते. खराब भाग तिरका कापून त्या मापाचा तुकडा फोमच्या गोंदाने चिकटवावा. उभा छेद घेतल्यास सांधा बसताना टोचतो. फोम निवडताना घनता आणि कडकपणा यांची गल्लत करू नये. घनतेवर टिकाऊपणा ठरतो, तर हाताला जाणवतो तो कडकपणा. दुकानात हाताला कडक लागलेला हलका फोम लवकर बसतो. घनमीटरला 50 किलोच्या आसपासचा घ्यावा. कव्हर पुन्हा चढवताना फोमवर पातळ प्लास्टिक ठेवले, तर कापड सहज सरकते. नंतर ते ओढून काढावे.

तिसरे उत्तर
एक सावधगिरी राहिली. सीटच्या कडेत एअरबॅग असेल, तर बॅटरीची ऋण तार काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय सीटखालच्या वायरींना हात लावू नये. अशा सीटवर जाड आवरण चढवणे तर मुळीच योग्य नाही, कारण एअरबॅग उघडण्याचा मार्ग अडतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. या सीटमध्ये एअरबॅग नाही. सीट उलटी केली, तेव्हा दाराकडच्या एका स्प्रिंगचा आकडा निसटलेला आणि त्यावरचे गोणपाट फाटलेले आढळले. मधला फोम मात्र दाबल्यावर लगेच वर येतो. म्हणून आधी आकडा बसवून गोणपाट बदलतो आणि मग फक्त कड भरतो.