एसी लावला की डीबी (घरातल्या मेन स्विचचा डबा) तापतो, जळका वास येतो. मोठी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकू का?

कोपरखैरणेची_सून
सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. दुपारी दीड टनाचा एसी अर्धा तास चालला की दारामागच्या डीबीचं झाकण चांगलंच तापतं आणि प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो. बत्तीस अँपिअरची मेन एमसीबी कधी पडते, कधी नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो, "लोड वाढलाय, चाळीसची टाकून देतो." टाकू का? दुपारी सासूबाई घरात एकट्या असतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

कळव्याचा_वायरमन
ताई, चाळीसची अजिबात टाकू देऊ नका. आणि आज एसी-गिझर लावूच नका.

हिशेब बघा. दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर, २००० वॅटचा गिझर ९ च्या आत, वर फ्रीज-पंखे धरले तरी २० च्या आसपास. बत्तीसची एवढ्यावर पडायला नको. ती पडते उष्णतेने. तिच्यात एक धातूची पट्टी असते, तापली की वाकते आणि एमसीबी पाडते. शेजारचा जोड सैल असेल तर त्याचीच उष्णता तिथे पोचते. सैल जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम धरा, २० अँपिअरला त्या एका स्क्रूखाली ४० वॅट तयार होतात. करंट मर्यादेतच असल्यामुळे एमसीबीला तो सैल जोड कळत नाही. वास आधी येतो, एमसीबी नंतर पडते, कधी पडतही नाही. चाळीसची टाकलीत तर हा उशिराचा इशाराही जाईल.

परवानाधारक माणसाकडून मेन बंद करून झाकण उघडून घ्या. न्यूट्रलकडे (करंट परत नेणारी वायर) आधी बघायला सांगा, सगळे फेजच (करंट आणणारी वायर) तपासतात.

घोडबंदर_रोड
इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडली तरी त्याच्या बाजूने डीबीत करंट राहतो. टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने बघा.

कोपरखैरणेची_सून
काका, उघडून घेतलं. मेन एमसीबीच्या न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा फिरला! एकाच भोकात दोन वायरी कोंबल्या होत्या, इन्सुलेशन काळं पडून आक्रसलंय, तांब्यावर हिरवट थर. आता नुसता आवळला तर चालेल?

कळव्याचा_वायरमन
नाही. तापलेलं तांबं मऊ पडतं, आवळलं तरी पुन्हा ढिलं होतं. काळा भाग कापून चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे या, तारांना लग (धातूची टोपी) दाबून बसवा. टोकाला कथिल लावू देऊ नका, ते दाबाखाली हळूहळू सरकतं आणि जोड परत सैल होतो. मेन एमसीबी नवीन घ्या, बत्तीसचीच. न्यूट्रल लिंक (सगळ्या न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) काळी पडली असेल तर तीही बदला. एका भोकात एकच वायर. खाडीजवळच्या दमट हवेत पितळ-तांबं लवकर खराब होतं, तेव्हा दरवर्षी उन्हाळ्याआधी मेन बंद करून सगळे स्क्रू तपासून घ्या.

मग एसी-गिझर दोन्ही लावून क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवायचा मीटर) करंट बघा आणि लांबून तापमान मोजणारी गन मारा. एक टर्मिनल बाकीच्यांपेक्षा बरंच गरम दिसलं, तर काम अर्धवट आहे.

कोपरखैरणेची_सून
गिझर ३ किलोवॅटचा आहे, वायर अडीच चौरस मिमीची. तीही बदलू?

कळव्याचा_वायरमन
१३ अँपिअर घेतो, चारची ओढून घ्या. एसीचीही वेगळी, आपापल्या एमसीबीवर. मीटर रूममध्येही वास येत असेल तर तिथलं सील कोणालाही तोडू देऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा.